‘कळवतो’ म्हणजे नक्की कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकल डिप्लोमा, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये चार वर्षं. ६ तारखेला बुटीबोरीच्या एका कंपनीत मुलाखत झाली, चांगली झाली, निघताना एचआर मॅडम म्हणाल्या, “आठ दिवसांत कळवतो.” आज १८ तारीख, मंगळवार, आणि तिकडून काहीच नाही. दरम्यान पुण्याच्या एका कंपनीची ऑफर आली असून त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं आहे. आईवडील इथे असल्याने मन बुटीबोरीकडे आहे. फोन केला तर उतावळा वाटेन का? पुण्याला वेळ मागितला तर ऑफर जाईल का? सध्याच्या साहेबांना कधी सांगू? आणि एक मित्र म्हणतो, रोज एचआरला व्हॉट्सॲपवर ‘गुड मॉर्निंग’ टाकत जा, त्याने नाव लक्षात राहतं. खरं आहे का?

मीही एचआरमध्येच आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगते. आधी तुमचं काम मार्गी लावू, बाकीचं मग बोलू.

उद्या सकाळी साडेअकराच्या सुमारास बुटीबोरीला फोन करा. साडेनऊला नाही, दहालाही नाही. कारखान्यातल्या एचआरचा पहिला तास-दीड तास हजेरी, कोण आलं, कोण नाही, कंत्राटदाराची माणसं कमी का आली, यातच जातो. त्यानंतर मॉर्निंग मीटिंग असते. साडेअकराला माणूस पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकतो आणि चहा मागवतो, तेव्हा फोन करावा. फोनवर एवढंच बोला:

“नमस्कार मॅडम, मी अमुक. क्वालिटीच्या जागेसाठी ६ तारखेला आपल्याकडे मुलाखत झाली होती. दोन मिनिटं बोलता येईल का?” त्या हो म्हणाल्या की पुढचं: “मला एका ठिकाणाहून ऑफर आली आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पहिली पसंती आपल्याकडेच आहे. निर्णय कुठवर आलाय एवढं कळलं तर मला तिकडे नीट सांगता येईल.”

आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं फार कमी जणांना जमतं. बहुतेक मुलं इथे घाबरून “म्हणजे मॅडम, तशी काही घाई नाही, तुमच्या सोयीने सांगा” असं स्वतःच म्हणून टाकतात, आणि मीही “बरं, बघते” म्हणून फोन ठेवते. घाई आहे म्हणून फोन केला होता ना? मग घाई आहे असंच राहू द्या.

उतावळेपणाचं म्हणाल, तर त्यांनी आठ दिवस सांगितले होते आणि तुम्ही बारा दिवस उलटल्यावर विचारताय. तिसऱ्या दिवशी विचारलं असतं तर उतावळे ठरला असता. फक्त पुण्याची ऑफर खरी असू द्या. नसलेल्या ऑफरची भीती घालणारे महिन्याला एक-दोन तरी भेटतात. मी फक्त “छान, ऑफर लेटर मेल करा, त्याला धरून आपण बोलू” असं म्हणते. पुढे तो फोन परत येत नाही.

फोन उचलला नाही तर दिवसभर लावत बसू नका. एकदा लावा आणि मग एक मेसेज टाका. तोही जिथून त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं तिथेच: व्हॉट्सॲपवरून बोलावलं असेल तर व्हॉट्सॲपवर, मेलवरून असेल तर त्याच मेलला उत्तर म्हणून. नवी मेल सुरू केली की मागचा धागा तुटतो, आणि मला तुमचं नाव शोधायला पुन्हा चाळीस मेल उघडाव्या लागतात.

तुम्ही योग्य आठवड्यात आहात, हेही सांगते. बारा दिवसांच्या शांततेचा अर्धा उलगडा कॅलेंडरमध्येच आहे. तुमची मुलाखत ६ तारखेला झाली. पगार ७ तारखेच्या आत व्हायला हवा, म्हणजे तुम्ही समोर बसला होता तेव्हा त्या मॅडमच्या डोक्यात पगाराची शीट होती. पुढे १५ तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, चलन भरायचं असतं. तुमचे ‘आठ दिवस’ नेमके त्या दोन तारखांमध्ये सापडले. १६ ते २८ हा आमच्याशी बोलायचा काळ. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एचआरला फोन करणारा उमेदवार वाईट नसतो, पण त्याला माझा चांगला आवाज ऐकायला मिळत नाही.

उरलेला अर्धा उलगडा ऑफिसातला आहे, आणि बाहेरच्यांना तो कधीच दिसत नाही. मी २३ वर्षं भरतीत काढली, त्यातली बहुतेक हिंगणा आणि बुटीबोरीत. मुलाखत संपली आणि आम्हाला माणूस आवडला, तरी लगेच पत्र निघत नाही. जागेची मंजुरी कागदावर यायची असते. प्लांट हेड बाहेरगावी असतात. मागितलेला पगार आणि त्याच विभागातल्या जुन्या माणसाचा पगार यांचा मेळ बसवावा लागतो, नाहीतर आतला माणूस चिडतो. शिवाय पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते, त्याने ‘कळवतो’ म्हटलेलं असतं, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला काय सांगायचं ते आम्हालाच कळत नाही. म्हणून आम्ही काहीच सांगत नाही. हे योग्य नाही, पण होतं असंच.

माझ्याकडूनही झालंय. एका वर्षी शेवटच्या फेरीत तिघं होते, एकाला घेतलं, दोघांना कळवायचं राहून गेलं. आठ महिन्यांनी सीताबर्डीच्या इंटरचेंजवर मेट्रो बदलताना एका मुलीने मागून हाक मारली. “मॅडम, त्या जागेचं काय झालं हो?” टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. बोलता बोलता म्हणाली, मामाच्या गावी रेंज येत नाही म्हणून त्या महिन्यात ती तिकडे लग्नालाही गेली नव्हती. तुमचा फोन आला आणि लागला नाही तर काय, म्हणून. मी काय बोलले ते आठवत नाही. तेव्हापासून महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी अर्धा तास मी फक्त ‘नाही’ कळवण्यासाठी ठेवते. दोन ओळींची मेल असते, फार काही लागत नाही.

हे सांगायचं कारण असं की नोकरीच्या बोलण्यातला सगळा घोळ या एका शब्दात आहे. ‘कळवतो’. तो आम्ही वापरतो, तुम्हीही वापरता, आणि दोघांच्याही तोंडी त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘आत्ता विषय नको’ असा असतो. नागपूरचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. घरी आलेल्याला चहाशिवाय सोडत नाही आणि ऑफर देणाऱ्याला ‘हो’शिवाय सोडत नाही. म्हणून म्हणते, ‘कळवतो’ म्हणाल तेव्हा सोबत वार सांगा. “शुक्रवारी चारपर्यंत कळवतो.” आणि आम्ही म्हणालो तर तुम्हीच वार विचारा: “चालेल मॅडम, पुढच्या बुधवारपर्यंत काही आलं नाही तर मी एकदा फोन करू का?” त्या वेळी मी हो म्हणते, आणि बुधवारी तुमचा फोन आला की मला तो आगाऊपणा वाटत नाही, मीच परवानगी दिलेली असते. मुलाखतीतून उठताना हा एक प्रश्न विचारला असता तर तुम्हाला आज हे सगळं विचारावं लागलं नसतं.

आता पुण्याचं. वेळ मागितली म्हणून ऑफर जाते, असं मी फारसं पाहिलेलं नाही. एकदा मागावी, कारण खरं द्यावं आणि तारीख आपणच घालावी: “ऑफरबद्दल आभार. गाव बदलायचं असल्यामुळे घरच्यांशी बोलून सोमवारी, २४ तारखेला दुपारपर्यंत नक्की उत्तर देतो, चालेल का?” चालतं. दोन-तीन दिवसांनी कोणाचा प्लांट थांबत नाही. दुसऱ्यांदा मागितली की मात्र समोरचा समजून जातो की हा आमचं पत्र घेऊन गावभर फिरतोय. तिसऱ्यांदा मागाल तर ते आपली यादी पुन्हा उघडतात.

तुम्ही जे विचारलं नाही, पण ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, ते म्हणजे नाही म्हणणं. या दोघांपैकी एकाला तुम्हाला नाही म्हणावं लागणारच.

काही वर्षांपूर्वी मेंटेनन्ससाठी एक मुलगा घेतला होता. हुशार होता, पॅनलसमोर बसून त्याने एका जुन्या हायड्रॉलिक प्रेसचा दोष कागदावर काढून दाखवला होता. ऑफर गेली, सही करून परत आली. मेडिकल झालं, ओळखपत्र छापलं, गेटवर नाव दिलं. सेफ्टी शूज मी स्वतः स्टोअरमधून आणून कपाटात ठेवले, ९ नंबर, कारण आमच्याकडे ९ नंबर नेहमी संपलेला असतो. सोमवारी साडेआठला यायचा होता. नऊला मी फोन केला तर म्हणतो, “निघूनच राहिलो मॅडम, वर्धा रोडवर जाम आहे.” अकराला फोन बंद. मंगळवारी दिवसभर बंद. बुधवारी फॉर्ममध्ये दिलेल्या घरच्या नंबरवर लावला तर भावाने उचलला. तो अगदी सहज म्हणाला, “तो तर शनिवारीच पुण्याला गेला ना.”

म्हणजे वर्धा रोडवरचा जाम तो पुण्यात बसून सांगत होता.

शनिवारी त्याने एक ओळ लिहिली असती तर मी सोमवारी सकाळीच दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला फोन केला असता. बुधवारी केला तेव्हा तो कळमेश्वरला एका ठिकाणी रुजू होऊन दोन दिवस झाले होते. जागा आणखी दीड महिना रिकामी राहिली. शूज चार महिने माझ्या कपाटात होते, रोज फाइल काढताना दिसायचे. दोन वर्षांनी त्याच मुलाचा रेझ्युमे पुन्हा माझ्याकडे आला. वडिलांची तब्येत बरी नसते, नागपूरला परत यायचंय, असं पत्रात होतं. मी त्याला बोलावलं नाही. बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण तसा मेंटेनन्सवाला आम्हाला नंतरही लवकर मिळाला नाही. पण नागपूरचं औद्योगिक जग लहान आहे हे लक्षात असू द्या. हिंगण्याचा एचआर उद्या बुटीबोरीत असतो, बुटीबोरीचा मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात. आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो, आणि ‘हा मुलगा कसा आहे?’ हा फोन रेझ्युमेत दिलेल्या संदर्भांना जायच्या आधी आमच्यातच फिरून येतो.

नाही म्हणायला तीन ओळी पुरतात:

“नमस्कार मॅडम. आपली ऑफर मिळाली, आभार. मी दुसऱ्या ठिकाणी रुजू व्हायचं ठरवलं आहे, त्यामुळे ही ऑफर स्वीकारू शकत नाही. मुलाखतीसाठी दिलेल्या वेळेबद्दल आणि प्लांट आवर्जून दाखवल्याबद्दल आभारी आहे.”

मराठीतच पाठवली तरी हरकत नाही. इंग्रजीत पाठवायची असेल तर साधी इंग्रजी लिहा. नेटवरून उचललेल्या ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’वाल्या मेलमध्ये कधीकधी मागच्या कंपनीचं नाव तसंच राहिलेलं असतं. आणि कारणं रचू नका. जॉइनिंगच्या तारखा जवळ आल्या की आमच्या उमेदवारांच्या घरी दरवर्षी दोन-तीन आज्या वारतात. आम्ही ‘अरेरे’ म्हणतो. जास्त पगार मिळाला म्हणून दुसरीकडे जाण्यात काहीही लाजिरवाणं नाही, आम्हीही तसेच आलो आहोत.

पगाराची गोष्ट. बुटीबोरीवाल्या मॅडम उद्या फोनवर विचारू शकतात, “तिकडे किती देतात?” आकडा सांगावा की नाही यावर दोन मतं आहेत. माझं मत सांगावा असं आहे, पण सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च, आणि हातात येणारी रक्कम वेगळी करून, आणि तुम्हाला स्वतःला ती वेगळी करता येत असेल तरच. अनेकांना येत नाही, त्याचंच उदाहरण देते. समजा ऑफर ४ लाख ८० हजारांची आहे, म्हणजे महिन्याला ४० हजार, आणि त्यात बेसिक २० हजार. कंपनी स्वतःच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे २,४०० रुपये, याच चाळीसमध्ये धरते. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे ९६२ रुपये, तीही यातच. राहिले ३६,६३८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३४,०३८ येतात, आणि फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण त्या महिन्यात व्यवसाय कर ३०० कापतात. काही कंपन्या पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर धरतात, तिथे २,४०० ऐवजी १,८०० कापला जातो आणि हात थोडा सैल होतो. सीटीसीत ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग, असेल तर तो वर्षाच्या शेवटी किती मिळतो ते विचारा. “मागच्या वर्षी या विभागात किती टक्के मिळाला?” हा प्रश्न उद्धट नाही. मला तो विचारणारा उमेदवार आवडतो.

हातात ३४ हजार येणारा मुलगा मला “सध्या ४० मिळतात” म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, सीटीसी सांगत असतो. पण मी त्याची पगाराची स्लिप पाहते आणि मनात एक शंका येऊन जाते. शब्द नीट वापरला की ती येत नाही. स्लिपमध्ये खाडाखोड करणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! बँकेचं स्टेटमेंट आणि फॉर्म १६ मागितला की दोन मिनिटांत उघडं पडतं. तारखांचंही तसंच आहे. मधले पाच महिने घरी बसला होतात तर तसं सांगा. यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम नंबरवर, प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट दिसतो, आणि दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की खुलासा तुम्हालाच करावा लागतो. चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या जुन्या नोकरीत सोडल्याची तारीखच भरलेली नसेल तर आत्ताच पाहून घ्या. कंपनी भरत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर ती पोर्टलवर स्वतःलाही भरता येते.

आता तुमचे सध्याचे साहेब. त्यांना आज सांगू नका. फोनवर “तुमचं नक्की” असं कोणी म्हणालं म्हणून राजीनामा टाकणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ते ‘नक्की’ मंजुरीत अडकल्यावर ती घरी बसलेलीही पाहिली आहेत. लेखी ऑफर हातात यावी, त्यात पद, पगाराची फोड, ठिकाण आणि जॉइनिंगची तारीख असावी, ती तुम्ही लेखी स्वीकारावी, आणि मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तोंडाने सांगावं. मेल त्यानंतर अर्ध्या तासाने. मेलवरून कळलेला राजीनामा साहेबांना लागतो, आणि रिलीव्हिंगसाठी होकार त्यांचाच लागतो.

तुमचा नोटीस पिरियड किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही. अपॉइंटमेंट लेटर काढून बघा, तोंडी माहितीवर जाऊ नका. ६० दिवस असतील तर नव्या कंपनीला ६०च सांगा. “तीसमध्ये सोडतील बहुतेक” असं म्हणून तारीख घेतलीत तर तो ‘बहुतेक’ तुमच्यावरच उलटतो. लवकर हवे असाल तर ते स्वतः विचारतील की बायआउट, म्हणजे नोटीसचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवणं, चालतो का, आणि मग पैसे कोण भरणार हे लेखी घ्या. साहेबांनी पगार वाढवून देतो म्हटलं तर? घ्यायचा असेल तर घ्या, तुमचं आयुष्य आहे. पण नव्या कंपनीला हो म्हणून झालेलं असेल तर वर लिहिलेल्या तीन ओळी त्याच दिवशी पाठवा.

मुलाखतीला जायचं म्हणून सध्याच्या कारखान्यात ‘ताप आलाय’ सांगण्यापेक्षा एक सुट्टी घ्या. आणि सध्याच्या कंपनीच्या मेल आयडीवरून अर्ज करू नका. हसू नका, लोक करतात.

कन्सल्टंटबद्दल एक गोष्ट, कारण इथे बऱ्याच जणांचं नुकसान होतं. एकाच कंपनीसाठी तुमचा रेझ्युमे दोन कन्सल्टंटकडून आला, किंवा एकाकडून आला आणि तुम्ही थेटही पाठवला, की त्यांच्यात फीवरून वाद होतो. ही फी कंपनी देते, साधारण वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. त्या वादात पडण्यापेक्षा आम्ही कधीकधी तो रेझ्युमेच बाजूला ठेवतो. अन्याय आहे, मान्य. म्हणून कन्सल्टंटला आधीच विचारा, कोणत्या कंपनीला पाठवताय, आणि एका छोट्या वहीत लिहून ठेवा. फी कंपनी देते म्हटल्यावर तुमच्याकडे रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे मागणारा कोण, हे सांगायला नको. ‘मिहानमध्ये विमानतळावर भरती’ या नावाखाली फोन येतात, त्यात पैसे गेलेच तर तासाभरात १९३० वर तक्रार करा, उशीर केला की पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

आणि ओळख. “अमुक भाऊंचा फोन येईल हं मॅडम.” विदर्भात ही जुनी रीत आहे, मी काही सोवळी नाही. ओळखीने रेझ्युमे माझ्या टेबलावर यायला माझी हरकत नसते. तुमच्या आधीच्या साहेबांनी मला फोन करून “मुलगा चांगला आहे, एकदा बघा” म्हटलं तर मी नक्की बघते. मुलाखत झाल्यानंतर कुण्या भाऊंचा फोन आला की मात्र पंचाईत होते. तुम्ही आवडला असाल तरी आता घेतलं तर प्लांटमध्ये म्हणतील, भाऊंचा माणूस आला. बुटीबोरीच्या बाबतीत घरच्यांपैकी कोणी असा फोन लावायच्या विचारात असेल तर त्यांना आजच थांबवा.

बाकी बारीकसारीक. अनोळखी नंबर आला की “कोण बोलून राहिलं बे?” असं उचलू नका. तुम्हाला वाटतं मित्र असेल, आणि असते मी. शॉपफ्लोअरवर असाल, मागे कॉम्प्रेसर चालू असेल, तर “मॅडम, कामावर आहे, एक वाजता जेवणाच्या सुट्टीत फोन करू का?” म्हणा. चार वर्षं काम करणारा माणूस कामाच्या वेळी कामावर असतो, याचं आम्हाला कौतुकच वाटतं. रेझ्युमेच्या फाइलला स्वतःचं नाव द्या, ‘न्यू फायनल २’ नावाच्या फाइली माझ्याकडे पुष्कळ आहेत. चाळीस कंपन्यांचे आयडी एकाच मेलमध्ये घालून अर्ज पाठवला की आम्ही चाळीसही जण एकमेकांची नावं वाचतो.

पुन्हा बोलावलं तर अर्धा तास आधी गेटवर पोहोचा. सिक्युरिटीत नोंद, आधार, पास, मोबाइल जमा करणं, यात वीस मिनिटं सहज जातात, आणि आत गाडीने जायचं असेल तर हेल्मेटशिवाय सोडत नाहीत. मेट्रोने जाणार असाल तर खापरीच्या पुढच्या वाटेचा वेळ वेगळा धरा. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळून येणं आपल्याकडे साहजिकच आहे, ४५ अंशांत दुसरं काय करणार, पण तो गेटवरच सोडून बॅगेत ठेवा. एकदा एक मुलगा गॉगल आणि दुपट्ट्यासकट केबिनमध्ये आला आणि “मे आय कम इन” म्हणाला. पॅनलवरचे एक साहेब दचकून उभेच राहिले होते. त्याला आम्ही घेतलं, चांगला निघाला.

तर उद्याचा फोन झाला की दोनच गोष्टी होऊ शकतात. त्या म्हणाल्या, “सोमवारपर्यंत पत्र देतो”, तर पुण्याकडून सोमवार दुपारची वेळ मागा. फक्त फोनवरच्या त्या शब्दावर पुण्याला नकार देऊ नका, पत्राची वाट बघा. आणि त्या म्हणाल्या, “अजून काही सांगता येत नाही”, तर शुक्रवारी पुण्याला स्वीकृती पाठवा आणि त्याच संध्याकाळी बुटीबोरीला तीन ओळी पाठवा की मी आता उपलब्ध नाही. त्यांनी काहीच कळवलेलं नसलं तरी. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे जागा निघाली तर त्या शोधायला याच मेलपासून सुरुवात करतील.

आणि तुमच्या मित्राच्या ‘गुड मॉर्निंग’चं. नाव लक्षात राहतं हे खरं आहे. माझ्या फोनमध्ये असे सात-आठ जण आहेत, गुलाबाचं फूल आणि वाफाळता चहा रोज सव्वासहाला येतो. सगळे म्यूट आहेत.